एकशेविसावा

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

सकाळी अकरापासून स्टाफरूममध्ये एका मोबाइलवर सहा डोकी वाकलेली. बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही, असं अर्थमंत्री म्हणाल्या तेव्हा मेकॅनिकलच्या सरांनी टाळी वाजवली आणि मग ओशाळून चष्मा पुसत बसले. आमच्यातल्या कुणाचाच पगार बारा लाखांच्या वाऱ्याला उभा राहत नाही.

दुपारी फायनल इयरच्या तासाला तोच विषय. ज्यांना कॅम्पसमधून ऑफर आली आहे ती मुलं खुशीत होती. “मॅडम, आमचे किती वाचणार?”

“काही नाही. साडेतीन लाखांवर टॅक्स कालही नव्हता.”

मग तासगावची मुलगी उभी राहिली. तिला ऑक्टोबरमध्ये साडेतीन लाखांचं लेटर आलंय. “साडेतीन लाख म्हणजे महिन्याला एकोणतीस हजार ना? बाबांनी कर्जाच्या हप्त्याचा हिशेब त्यावरच केलाय.”

मी म्हटलं, लेटरचं शेवटचं पान उघड. ते वर्गात कुणीच उघडलेलं नव्हतं. फळ्यावर मांडलं. बेसिक महिना १४,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला २०,१६०. तो सीटीसीत, म्हणजे लेटरवरच्या एकूण आकड्यात धरतात, पण पासबुकात दिसतो, पाकिटात नाही. ग्रॅच्युइटी ८,०८१, पाच वर्षं टिकलात तर. विम्याचा हप्ता ७,०००. आजारी पडलात तर. व्हेरिएबल २४,०००, त्यांच्या मनात आलं तर. हे सगळं साडेतीन लाखांतून वजा केलं की उरतात २,९०,७५९. बाराने भागले, २४,२३०. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ १,६८०. प्रोफेशनल टॅक्स मुलांचा दोनशे कापतात. महाराष्ट्रात बायकांना पंचवीस हजारांपर्यंत तो माफ आहे. हातात २२,५५०.

“मुलगी असल्याचे दोनशे वाचले की!” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. तीही हसली, पण तिचं पेन चालूच होतं. तास संपल्यावर वही दिसली: कॉट बेसिस ६,०००, मेस ३,५००, हप्ता ६,७४४, शिल्लक ६,३०६. शिलकीखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्यात बस, रिचार्ज आणि सणाला गावी येणं बसवायचं.

टीपीओचा, म्हणजे ट्रेनिंग-प्लेसमेंटचा चार्ज माझ्याकडे येऊन सहा वर्षं झाली. हा हिशेब मी आज पहिल्यांदा फळ्यावर मांडला. इतकी वर्षं का मांडला नाही, हे स्वतःला विचारायला हवं.

८ फेब्रुवारी, शनिवार

म्हैसूरची बातमी. इन्फोसिसच्या ट्रेनिंग कॅम्पसमधून तीनशेच्या वर नवख्यांना एका दिवसात निरोप. अंतर्गत परीक्षेत तीन वेळा बसून पास झाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. त्यातल्या पुष्कळांना ऑफर मिळाली होती २०२२ मध्ये आणि जॉइनिंग मिळालं २०२४ च्या शेवटी. दोन वर्षं वाट बघायची आणि चार महिन्यांत बॅग भरायची.

मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती गर्दी. “मॅडम, आपल्याकडं पण असं होतं का?” काय सांगणार? ऑफर लेटर म्हणजे साखरपुडा, एवढंच सांगितलं. तिथी काढणं वरपक्षाच्या हातात असतं.

घरी आल्यावर पोटमाळ्यावरची फाइल काढली. माझं स्वतःचं लेटर त्यात आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये कॅम्पसमधून निवड झाली, सव्वातीन लाख. आईनं गल्लीत पेढे वाटले. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. बँक त्यांची बुडाली आणि तारीख माझी. २००९ ला डिग्री झाली, त्यानंतर अकरा महिने रोज सकाळी सायबर कॅफेत दहा रुपये देऊन मेल बघायचे. ‘जॉइनिंगची तारीख यथावकाश कळवण्यात येईल.’ ते यथावकाश अजून यायचंय. मग इथे आले. आठ हजार कन्सॉलिडेटेड, तात्पुरती नेमणूक. तात्पुरतीला आता पंधरा वर्षं होतील.

लेटर पुन्हा घडी घालून ठेवलं. फेकवत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन आणि पूल कॅम्पस एकाच दिवशी. खाली पोर्चमध्ये मुलींनी बाराखडीची रांगोळी काढली होती. तीच ओलांडून अकरा कॉलेजांची साडेसहाशे मुलं टाय सावरत वर गेली.

गावातच वालचंद कॉलेज आहे, १९४७ चं. तिथे येणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या आमच्या फाट्यावरून जातात, वळत नाहीत. आमच्यासारख्यांसाठी पूल. “किती घेणार?” मी एचआरच्या बाईंना विचारलं. “रिक्वायरमेंटप्रमाणे,” त्या म्हणाल्या. सहा वर्षांत हा आकडा मला एकदाही आधी कळलेला नाही.

गेटवर पहिली चाळण, सिक्स्टी थ्रूआउटची. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हींना साठ टक्के आणि एकही केटी शिल्लक नको. पलूसच्या मुलाला बारावीला ५८.६. डिग्रीला साडेआठ सीजीपीए. चार वर्षं वर्गात पहिल्या पाचात असलेला मुलगा दीड टक्क्यासाठी दारातून परत फिरला. बारावीच्या वर्षी त्याच्या घरी काय चाललं होतं हे मला माहीत आहे. एक्सेल शीटला ते माहीत नसतं.

मग ॲप्टिट्यूड, मग दोन कोडिंगचे प्रश्न, मग इंटरव्ह्यू. जतच्या मुलानं दोन्ही कोड अर्ध्या वेळात चालवून दाखवले. एचआर राउंडला दार अर्धवट उघडं होतं. “टेल मी अबाउट युवरसेल्फ.” त्यानं पाठ केलेलं म्हटलं. पुढचा प्रश्न पाठाबाहेरचा आला आणि तो थांबला. समोरच्या बाई इचलकरंजीच्या. दुपारी माझ्याशी “चहा झकास आहे हो मॅडम” म्हणत होत्या. त्याच्याशी एक शब्द मराठीत बोलल्या असत्या तर तो घडाघडा बोलला असता. पण त्यांचाही दोष नाही. उद्या त्याला अमेरिकेतल्या माणसाशी बोलायचंय, हे बघणं त्यांचं काम.

रात्री नऊला यादी लागली. तेवीस नावं, त्यात आमची चार. जतची शेवटची एसटी सातलाच गेली होती. त्याची सोय हॉस्टेलवर केली. खाली रांगोळी पुरती विस्कटलेली. फक्त ‘ळ’ शाबूत होता.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

बॅचमेटचा हिंजवडीहून फोन. दरवर्षी पाडव्याला करतो. त्याला २००९ मध्ये तारीख आली, मला नाही. एवढाच आमच्यातला फरक. आता तो प्रोजेक्ट मॅनेजर. श्रीखंडाचं झाल्यावर मी विचारलंच: “मला सव्वातीन मिळणार होते, आज माझ्या पोरांना साडेतीन देता. सोळा वर्षांत चहा तीन रुपयांचा पंधराला गेला. तुमचा आकडा का हलत नाही?”

तो आधी हसला, मग खरं बोलला. “आमचा धंदा पिरॅमिडचा. क्लायंटला आम्ही माणसाचे तास विकतो. वर एक महागडा, मध्ये चार, खाली दहा स्वस्त. सरासरी काढली की नफा. खालचा थर महाग झाला की सगळं गणित ढासळतं. आणि वाढवायचं कुणासाठी? एकानं नाही म्हटलं तर दारात पन्नास उभे. कांदा जास्त आला की लासलगावला काय होतं?”

“कांद्याला निदान दोन वर्षांतून एकदा तरी भाव येतो.”

“आला होता की, २०२१-२२ ला.” ते खरं. करोनानंतर सगळ्या जगाला एकदम सॉफ्टवेअर हवं झालं. टीसीएसनं त्या एका वर्षात लाखभर नवखे घेतले, इन्फोसिसनं ८५ हजार. आमची केटीवाली मुलंसुद्धा लागली. मग मागणी बसली. २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं १३ हजारांनी घटली, इन्फोसिसची जवळजवळ २६ हजारांनी. विप्रोनं साडेसहा लाखांचं लेटर हातात असलेल्या मुलांना, साडेतीनवर येता का, असं विचारलं. ती मेल माझ्या एका मुलीलाही आली होती. तिनं मला विचारलं, मी ‘घे’ म्हटलं.

वरच्या टोकाला मात्र आकडे वाढताहेत, तेही तो म्हणाला. टीसीएसच्याच परीक्षेत निंजाला ३.३६ लाख, डिजिटलला सातच्या आसपास, प्राइमला त्याहून वर. एकाच हॉलमध्ये, एकाच दिवशी, शेजारी बसलेल्या दोघांत दुपटीचा फरक. “आणि परदेशी कंपन्यांची स्वतःची सेंटरं आहेत, जीसीसी. ती चांगलं देतात, पण त्यांना तयार माणूस लागतो.”

“तयार कुठं होणार?”

यावर तो जरा थांबला. “तोच घोळ आहे. मी पहिली दोन वर्षं टेस्ट केसेस लिहिल्या, तिकिटं बंद केली, दुसऱ्याच्या कोडमधले कॉमे शोधले. त्यावरच हात बसला. आता ते काम एआय दुपारपर्यंत उरकतो. म्हणून नवखा मागवायला माझाच हात आखडतो. पण पाच वर्षांनी माझ्या जागी बसणारा कुठून आणायचा, हे कुणाच्याच बजेटमध्ये नाही.”

गुढी उतरवताना त्याचं वाक्य डोक्यात होतं. उमेदवारी केल्याशिवाय गवंडीसुद्धा ओळंबा धरत नाही.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

सासूबाईंनी रिवाज म्हणून एक ग्रॅमचं वळं आणलं. गेल्याच आठवड्यात सोनं लाखाला शिवून आलंय. पेढीवरून परत येताना म्हणाल्या, “तुझ्या पोरांना पगार किती म्हणालीस?”

“साडेतीन लाख. वर्षाला.”

“म्हणजे साडेतीन तोळे.” रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी भागाकार करून टाकला. “आणि तुला लागला होता तेव्हा?”

२००९ मध्ये तोळा पंधरा हजारांच्या आसपास होता. सव्वातीन लाखांचे एकवीस-बावीस तोळे होतात. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या हाताकडे बघितलं फक्त.

सोनं हे माप काही बरोबर नव्हे. ते पगाराच्या नव्हे, भीतीच्या भावानं चढतं. म्हणून घरी आल्यावर पेट्रोलनं मोजलं. तेव्हा पन्नासच्या आत होतं, आता एकशेपाच. त्या मापानं पगार निम्मा झालाय. सोन्यानं सहावा हिस्सा, पेट्रोलनं निम्मा. कुठलंही माप लावा, वाढलेला कुठेच सापडत नाही.

तरीही रांग आयटीचीच, आणि त्यात मुलांचं चुकत नाही. सिव्हिल-मेकॅनिकलची मुलं पायथन का शिकतात, असं लोक मला विचारतात. आमचा मेकॅनिकलचा मुलगा शिरोलीच्या एका फाउंड्रीत ट्रेनी म्हणून लागला, तो तेरा हजारांवर. ग्रॅज्युएट अप्रेंटिसला सरकारी नियमानं किमान विद्यावेतन नऊ हजार. त्यापुढे एसी हॉलमधले बावीस हजार मोठेच दिसणार. स्वस्त आहे म्हणून आम्ही नावं ठेवतो ती नोकरी, बाकीच्या रस्त्यांवरून बघितली की डोंगरमाथा वाटते.

२० मे, मंगळवार

प्राचार्यांच्या केबिनमध्ये फ्लेक्सची मीटिंग. ॲडमिशनचा मोसम जवळ आला. प्रूफ टेबलावर पसरलं होतं: ‘८४% प्लेसमेंट! हायेस्ट पॅकेज १२ लाख!’ खाली त्या मुलाचा कोट-टायमधला फोटो.

बारा लाखवाला स्वतःच्या हिमतीवर गेला. रात्र रात्र ऑनलाइन स्पर्धा खेळायचा, त्यातून बंगळूरच्या कंपनीची इंटर्नशिप, त्यातून नोकरी. कॉलेजचा वाटा इतकाच, की मी त्याला एनओसी दिली आणि ऑफिसनं अटेंडन्स कमी म्हणून दंड घेतला.

आणि ८४ टक्के? तो माझाच हिशेब. खोटा नाही, पण खराही नाही. आमची फायनल इयरची मुलं २४०. त्यातली क्रायटेरियात बसणारी आणि ‘इंटरेस्टेड’ असा फॉर्म भरलेली १५०. ऑफर आल्या १२६. १२६ भागिले १५०, झाले ८४. पण काहींना दोन-दोन, तीन-तीन ऑफर आहेत. मुलं मोजली तर ९८. म्हणजे २४० मधली ९८, एक्केचाळीस टक्के. भाजक लहान, भाज्य मोठा. एवढ्यात सगळी जादू.

“मध्यक पण घालू या,” मी म्हणाले. मध्यक दहावीलाच शिकवतात. सगळ्यांना क्रमानं उभं करायचं आणि मधला उचलायचा. देशातल्या कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफच्या फॉर्मात तो पगार आम्ही दरवर्षी भरतो. पण फॉर्म दिल्लीला जातो, फ्लेक्स चौकात लागतो. शिवाय फॉर्ममधला मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा. तो साडेतीन लाख येतो. कुणालाच लाज वाटत नाही.

रात्री वहीत मी २४० च्या २४० मुलं रांगेत उभी केली. वर बारा लाख, मग सात, मग साडेचार, मग साडेतीनची लांबलचक माळ. अठ्ठ्याण्णवला माळ संपली. पुढे सगळी शून्यं. शून्यांत क्रम कसला लावणार? रोल नंबरप्रमाणे लिहीत गेले. एकशेविसावर पेन थांबलं. हा मधला. त्याचा पगार शून्य. एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलेले, गेट परीक्षेवाले, घरचा धंदा बघणारे असे चाळीसेक वगळून पाहिले. दोनशेत अठ्ठ्याण्णव. मधला तरीही शून्यावरच.

प्राचार्य वाईट माणूस नाहीत. सगळं ऐकून म्हणाले, “मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण रस्त्यापलीकडचं कॉलेज नव्वद लावतंय. आपल्या सीटा रिकाम्या राहिल्या तर तुमचा-माझा पगार कुठून निघणार?” तसाही तो तीन महिन्यांनी निघतो.

प्रूफवर सही केली.

१४ जून, शनिवार

जतचा मुलगा पुण्याहून आला. फेब्रुवारीनंतर तो कर्वेनगरला कॉट घेऊन फुल स्टॅकचा क्लास करतोय. क्लासची फी आधी पन्नास हजार, नोकरी लागल्यावर आणखी. बसला आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.

“मॅडम, क्लासवाले म्हणतात फ्रेशर म्हणून अर्ज केलास तर मेलसुद्धा उघडत नाहीत. दोन वर्षांचा एक्सपिरिअन्स दाखव. कंपनीचं लेटर, सॅलरी स्लिपा, सगळं ते देतात. सहा लाखांच्या जागेला बसता येतं. आमच्या रूमवरचे तिघं तसेच लागलेत.”

हे मला नवं नाही. ‘फेक’ हा शब्द ही मुलं आता ‘स्लीपर’ किंवा ‘शेअर रिक्षा’ म्हणावं तितक्या सहज म्हणतात. मी पीएफचं सांगितलं. पीएफ कापला जाणाऱ्या प्रत्येक नोकरदाराला यूएएन नंबर असतो, त्यात तो कुठे किती महिने होता ते सगळं उमटतं. मोठ्या कंपन्या बॅकग्राउंड तपासताना तेच उघडतात. वर्षानं सापडलास तरी त्याच दिवशी बाहेर, आणि तो डाग खऱ्या अनुभवालाही लागतो.

“आणि नाही सापडलो तर?”

नीतीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि ८४ टक्के आठवले. मी भाजक लहान केला, तो अनुभव मोठा करतोय. फरक एवढाच, की माझ्या कागदावर शिक्का आहे.

त्याला डबा खाऊ घातला. जाताना म्हणाला, “नाही करणार मॅडम. पण डिसेंबरपर्यंतच. मग नाही सांगता येत.” मी मान हलवली. डिसेंबरपर्यंतचा प्रामाणिकपणाही आजच्या भावानं बराच म्हणायचा.

२८ जुलै, सोमवार

कालपासून सगळ्या ग्रुपवर टीसीएस. दोन टक्के माणसं कमी करणार, म्हणजे बारा हजारांच्या वर, आणि ती बहुतेक मधल्या-वरच्या फळीतली. बॅचमेटला फोन केला, त्यानं उचलला नाही. संध्याकाळी मेसेज आला: ‘आमची दुसरी कंपनी आहे गं. पण फळी तीच.’ पाडव्याला तो खालच्या थराबद्दल बोलत होता. आता थर वरून ढासळायला लागलेत.

दुपारी तासगावची आली. हातात बेदाण्याची पिशवी. मला वाटलं, तारीख आली.

“नाही मॅडम. मेल केली की तेच उत्तर, बिझनेस रिक्वायरमेंटप्रमाणे कळवू. मी दुसरीकडं लागले.” तासगावला बेदाण्याचे सौदे निघतात, भोवताली कोल्ड स्टोरेज. त्यांच्यासाठी पावत्यांचं सॉफ्टवेअर करणारं एक सहा माणसांचं ऑफिस आहे. चौदा हजार. पीएफ नाही, विमा नाही, व्हेरिएबल तर नाहीच. घरून एसटीच्या पासवर जाते.

मी चेहरा नीट ठेवायचा प्रयत्न केला. तिला तो दिसला असावा, कारण ती घाईनं सांगायला लागली. “मालकांनी एआयकडून कोड लिहून घेतला होता. चालायचा छान. पण पावती बघितली आणि मला खटकलं. पेटीचं रिकामं वजन वजनकाट्यावर एकदा वजा होत होतं आणि बिल करताना परत एकदा. शेतकऱ्याचं पेटीमागं अर्धा किलो जात होतं. कोडमध्ये चूक नव्हती मॅडम. काट्यावर आधीच वजा करतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला माहीत होतं, दर हंगामात बाबांबरोबर काट्याशी उभी राहते ना.”

तिनं ते दोन दिवसांत दुरुस्त केलं. मालक काय म्हणाले, विचारलं. “आधी चिडले. मग सगळ्या जुन्या पावत्या काढायला सांगितल्या.”

तिला कौतुकाचं काही बोलायला हवं होतं. बोलले ते असं: “हप्ता?” तिचं बोट पिशवीच्या गाठीवर फिरत राहिलं. “डिग्रीनंतर वर्षभरानं सुरू होतो. तोपर्यंत बघू.”

रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे आधीच साडेतीन लाख लिहिलेले आहेत. ऑफर आली होती ना. फ्लेक्सच्या हिशेबात ती ‘प्लेस्ड’ आहे. ते खोडून १.६८ लिहिलं. पॅकेजच्या रकान्यात ‘लाख’ असं छापलेलंच असतं. इतका छोटा आकडा तिथे विचित्र दिसला, पण या वर्षीच्या रजिस्टरात खात्यात खरोखर जमा झालेला तो पहिलाच.

५ ऑगस्ट, मंगळवार

कॅपच्या फेऱ्या चालू. माझी ड्यूटी ॲडमिशनच्या टेबलवर, फ्लेक्सखाली. सकाळपासून पालक येतात, मान वर करून वाचतात आणि एकच विचारतात: “हायेस्ट बारा म्हणजे आमच्या पोराला किती पडतील?” मी छापील पत्रक देते.

साडेबाराला भिलवडीकडचे एक गृहस्थ आले. दूध संकलनाचं काम करतात. बरोबर मुलगी. सरकारनं गेल्या वर्षापासून मुलींची फी माफ केली म्हणून आलो, नाहीतर विचार केला नसता, म्हणाले. त्यांनीही फ्लेक्स वाचला. पण विचारलं वेगळं. “हे बारा लाख म्हणजे एका म्हशीची फॅट झाली. आम्ही कॅन ढवळून नमुना घेतो. तुमच्या ढवळलेल्या कॅनची फॅट काय लागते?”

आजूबाजूला कुणी नव्हतं. कदाचित म्हणूनच असेल. ड्रॉवरमधून वही काढली आणि रांगेचं पान त्यांच्यापुढे फिरवलं. वरून खाली बोट नेत ते अठ्ठ्याण्णवपर्यंत आले, शून्यांवर थांबले, तसेच पुढे गेले. मी एकशेविसावर पेन्सिलीनं गोल केला होता. “हा मधला,” मी सांगितलं. मुलगी वाकून बघत होती.

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आणि हा पोरगा सध्या काय करतो?”

सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. संस्थेच्या सचिवांनी नाही, प्राचार्यांनी नाही, एनआयआरएफच्या फॉर्मनं नाही. मीही नाही. नाव समोर लिहिलेलं होतं, चार वर्षं हजेरी घेतलेलं, आणि चेहरा आठवेना. “माहीत नाही,” मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली, पत्रक घडी करून खिशात ठेवलं. घरी बोलून सांगतो म्हणाले.

पाचला सगळे गेल्यावर फॉर्मवरचा नंबर काढून फोन लावला. एका बाईंनी उचलला. मागे चाऱ्याच्या कटरचा आवाज येत होता. मी कॉलेजचं नाव सांगितलं. कटर बंद झाला.

“तो पुण्याला असतो की, क्लासला. हा नंबर माझा.” मग घाईघाईनं, आवाज चढवून, बहुतेक आत कुणाला तरी ऐकू जावं म्हणून: “कॉलेजातनं फोन आलाय! लागली व्हय मॅडम त्याची नोकरी?”